समुद्रावरचा शिधा: चहूकडे पाणी, तरी पाणी संपतं कसं?

एखादं मालवाहू जहाज परक्या बंदराबाहेर अडकतं, मालक फोन उचलायचा बंद होतो, आणि काही दिवसांनी बातमी झळकते: जहाजावर थोडेच दिवस पुरेल एवढं धान्य उरलंय, पिण्याचं पाणी संपत आलंय. आमच्या नेरुळ-सीवूड्स भागात अशी बातमी नुसती वाचून पान उलटता येत नाही. करावेला 'चाणक्य' ही जहाजावरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, बेलापुरात खलाशी भरती करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत, खाडीपलीकडे न्हावा-शेवा. सोसायटीत एखादं तरी घर शिपवाल्याचं असतंच. मग लिफ्टमध्ये प्रश्न सुरू होतात. "अहो, समुद्रात उभं जहाज, आणि पाणी नाही? काहीतरीच." किंवा, "रेशन मोजून देतात म्हणे. शिपवर आहेत की तुरुंगात?"

मी काही वर्षं एका शिप चँडलरकडे हिशेब लिहिले. शिप चँडलर म्हणजे जहाजाला कांद्या-बटाट्यापासून दोरखंडापर्यंत सगळं पोचवणारा व्यापारी. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तर लिफ्टच्या सात मजल्यांत मावत नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसरं दुकान नाही

शिधा किंवा रेशन म्हणजे माणशी, रोजचा, ठरलेला वाटा. जमिनीवर हा शब्द रेशनकार्डापुरता उरलाय, कारण घरातली साखर संपली तर पोराला खाली पिटाळता येतं. जहाजावर खाली समुद्र असतो. निघताना जे चढवलं तेवढंच, आणि पुढचं बंदर कधी येणार हे जुन्या काळी वाऱ्याच्या मर्जीवर. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको. टँकर किती येणार हे ठाऊक नसलं की नळाच्या वेळा ठरतात, आणि त्या ठरवणारा सेक्रेटरी सगळ्यांचा नावडता होतो.

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाचा तक्ता बघा. प्रत्येक खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर. आठवड्याला चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, वाटाणे, ओटचं पीठ, थोडं लोणी, थोडं चीज. हे बिस्किट चहात बुडवायचं नव्हे. पीठ-पाण्याचा भाजून दगड केलेला तुकडा, मेजावर आपटला की आतले किडे बाहेर पडायचे. तरीही कागदावर हा आहार दिवसाला साडेचार-पाच हजार कॅलरींचा होता. त्या काळातल्या इंग्लंडमधल्या शेतमजुराला एवढं मांस बघायलाही मिळत नसे.

आता बिअरचा हिशेब. गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर. मोठ्या युद्धनौकेवर आठशे माणसं. म्हणजे दिवसाला 3,600 लिटर. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर तिथे तीन दिवसही पुरला नसता, आणि सफर असायची महिनोन् महिन्यांची. जहाजाच्या पोटात तोफगोळ्यांपेक्षा जास्त जागा पिंपांनाच लागायची.

सगळे झिंगून पडत नसत का? नाही. ही फार हलकी बिअर. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडून वास मारायचं. बिअर त्यामानाने टिकायची, म्हणून ती पाण्याच्या जागी होती. लांबच्या सफरीत तीही संपली की वाइन किंवा रम मिळे.

लोणच्याचं तत्त्व आणि वाण्यांचे वार

बर्फाशिवाय मांस महिनोन् महिने कसं टिकायचं? कैरीचं लोणचं टिकतं तसंच. मीठ पदार्थातलं पाणी ओढून घेतं, आणि पाण्याशिवाय जंतूंना वाढता येत नाही. आपला सुका बोंबील याच घराण्यातला. खारवलेलं मांस शिजवण्याआधी तासन् तास पाण्यात भिजत घालावं लागे. म्हणजे टिकवायला मीठ आणि ते मीठ काढायला पुन्हा पाणी.

या तक्त्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार बिनमांसाचे. वाटाणे, ओटची पेज, लोणी, चीज, बस्स. इंग्रज खलाशी या दिवसांना 'बनियन डे' म्हणत. हा बनियन म्हणजे आपला वाणी! पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराला आलेल्या इंग्रजांनी मांसाला न शिवणारे वाणी पाहिले, आणि स्वतःच्या ताटात मांस नसलं की त्यांना तेच आठवायचे. वडाच्या झाडाला इंग्रजीत मिळालेलं नावही याच वाण्यांवरून आलं, आणि आपण शर्टाच्या आत घालतो तो बनियन त्याच शब्दाचा भाऊबंद. त्यांचा सोमवार आपल्या उपासांशीही जुळतो.

पोट भरूनही माणसं का मरायची?

पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समुद्राने माणसाला फार महागात शिकवलं. वास्को द गामा 1498 साली कालिकतला पोचला. परतताना अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले, आणि त्या एका टप्प्यात त्याची तीसेक माणसं गेली. हिरड्या सुजतात, दात हलतात, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात. याला स्कर्व्ही म्हणतात. शरीरातला सिमेंटसारखा चिकट धागा, कोलॅजन, तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. गाय-बकरी ते स्वतःच्या शरीरात बनवते, माणसाला ते अन्नातूनच घ्यावं लागतं, आणि शरीरातला साठा दोन-तीन महिन्यांत आटतो. बिस्किट आणि खारं मांस यांत ते जवळपास नसतंच.

1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, कुणाला व्हिनेगर, एका जोडीला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. पण तोवर त्या दोघांतला एक जवळपास कामावर रुजू व्हायच्या लायकीचा झाला होता. एवढं स्पष्ट उत्तर हातात असताना ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडलं. खुद्द लिंडनेही एक घोळ घातला. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवायचा सल्ला त्याने दिला, आणि आटवताना नेमकं क जीवनसत्त्वच जायचं.

यावर शेजारच्या काकूंचा प्रश्न ठरलेला: "मग लेकाबरोबर लिंबाचं लोणचं देऊ ना?" काकू, जरूर द्या, पण औषध म्हणून नव्हे. मुरलेल्या लोणच्यात ते जीवनसत्त्व फारसं उरत नाही. त्यापेक्षा मूठभर मटकी द्या. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा, पण भिजवून मोड आणले की ते तयार होतं. कच्चीच खायची मात्र, कारण मिसळीसाठी उकळली की बरंचसं गेलं.

दुसरा धडा जपानचा. 1882-83 साली 'र्‍यूजो' नावाच्या जपानी प्रशिक्षण नौकेवर 376 पैकी 169 जणांना बेरीबेरी झाला आणि 25 दगावले. पाय सुजतात, ताकद जाते, शेवटी हृदय थकतं. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना पांढऱ्या भाताचा संशय आला. 1884 मध्ये त्याच मार्गाने दुसरं जहाज गेलं, ताटात मांस, सातू आणि दूध घेऊन. मोजकेच आजारी पडले, दगावलं कुणी नाही. ताकाकींना वाटलं प्रथिनं कमी पडत होती. खरं कारण ब-1 जीवनसत्त्व होतं, तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर निघून जाणारं. हातसडीचा तांदूळ खाणारी आपली आजी यात नौदलाच्या पुढे होती. जपानी नौदलाच्या जहाजांवर आजही दर शुक्रवारी करी-भात असतो, समुद्रात वाराचं भान राहावं म्हणून. आपल्या मुलांच्या शिपवर हे काम रविवारची बिर्याणी करते.

मग आज पाणी का संपतं?

बातमीतला गोंधळ नेमका इथे आहे.

समुद्राचं पाणी पिऊन का चालत नाही, ते आधी. एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. आपली मूत्रपिंडं एवढं तीव्र मिठाचं पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, त्यामुळे एक पेला पोटात गेला तर त्यातलं मीठ काढायला दीड पेल्याहून जास्त पाणी खर्ची पडतं. जो पितो तो आणखी सुकतो.

म्हणून जहाजावर गोडं पाणी बनवायचं यंत्र असतं. बोटीवर त्याला फ्रेश वॉटर जनरेटर म्हणतात. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं आणि डाळ लवकर शिजते. या यंत्रात बरोबर उलटं होतं. आतली हवा ओढून दाब उतरवला की पाणी 40 ते 60 अंशांतच उकळतं. तेवढी उष्णता कुठून येते? जहाजाचं मुख्य इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत असतं, ते गरम झालेलंच असतं. त्याच फुकटच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि टाकीत भरायची. चालत्या जहाजावर असं यंत्र दिवसाला वीस-पंचवीस टन पाणी देतं. पंचवीस माणसांना आंघोळी-कपड्यांसकट ते पुरून उरतं.

पण जहाज नांगर टाकून उभं राहिलं की मुख्य इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे फुकटची उष्णता बंद, आणि त्याबरोबर पाणीही. शिवाय बंदराजवळचं पाणी घाण असतं, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि 50 अंशांवर सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून किनाऱ्याजवळ हे यंत्र चालवतच नाहीत. काही जहाजांवर आरओ असतो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरचा थोरला भाऊ. पण त्याला वीज लागते, विजेला जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेल भरायला मालकाचे पैसे. मालक पळालेला असतो तेव्हा आधी डिझेल संपतं. त्यापाठोपाठ फ्रीजर, दिवे आणि पाणी. समुद्रात उभं जहाज तहानलेलं असतं ते असं. अशा वेळी पाणी छोट्या बार्जमधून विकत आणावं लागतं, आणि बार्जवाला उधारीवर येत नाही.

"मग मासे पकडून खाता येत नाहीत का?" हा हमखास प्रश्न. अडकलेले खलाशी गळ टाकतातही. पण वीस माणसांची रोजची पोटं गळावर भरत नाहीत, आणि मासा खाल्ला की तहान वाढते.

"एवढे मोठे फ्रीजर असतात ना?" असतात. मांस-मासळीची खोली शून्याखाली 18 अंशांवर, भाजीची चारेक अंशांवर. बटाटा, कांदा, कोबी महिनाभर तग धरतात. पालेभाजी आठवड्यात माना टाकते, आणि सफरचंदांशेजारी ठेवली तर त्याआधीच, कारण सफरचंदातून निघणारा वायू शेजाऱ्याला पिकवून टाकतो. म्हणून शिपवरून निरोप आला की आई आधी विचारते, भाजी काय होती? उत्तर बहुधा कोबी.

मापात पाप

पाणी आणि जीवनसत्त्वं ही विज्ञानाची कोडी होती, ती सुटली. शिध्याचं खरं दुखणं मला वाटतं काट्यापाशी आहे. काटा कुणाच्या हातात आहे, आणि वजन होताना कोण बघतंय?

ब्रिटिश जहाजावर धान्याचा कारभार पर्सरकडे असे. पर्सर म्हणजे कोठीवाला. नासधूस, गळती, उंदीर यांची भरपाई म्हणून त्याला आठवा हिस्सा राखायची मुभा होती. म्हणजे 16 औंसांचा पौंड खलाशाच्या ताटात येताना 14 औंसांचा होई. लोक त्याला 'पर्सरचा पौंड' म्हणत. एप्रिल 1797 मध्ये स्पिटहेडला नौदलाच्या ताफ्याने बंड केलं. पहिली मागणी पगाराची. आणि तिच्याबरोबर हीही: आम्हाला पुरा सोळा औंसांचा पौंड द्या, मापं बाजारातल्यासारखी असू द्या, बंदरात असताना भाजी द्या.

अॅडमिरल व्हर्ननला हे साठ वर्षं आधी उमगलं होतं. निव्वळ रम पिऊन खलाशी लोळतात म्हणून त्याने ऑगस्ट 1740 मध्ये हुकूम काढला: अर्ध्या पाइंट (पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर) रममध्ये लिटरभर पाणी घालून दिवसातून दोनदा वाटायची. त्याच्या ग्रोग्रम कापडाच्या कोटावरून त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत, म्हणून त्या पेयाचं नाव ग्रॉग पडलं. ही गोष्ट सगळे सांगतात. हुकुमातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. मिश्रण डेकवर, सगळ्यांसमोर करायचं, आणि कुणाचा वाटा मारला जात नाही हे पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटने बघायचं. दारू वाटण्याची रीत ब्रिटिश नौदलात 31 जुलै 1970 पर्यंत टिकली.

आणि ब्लाय. 1789 मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर बंड झालं आणि कॅप्टन ब्लायला 18 जणांसकट 23 फुटी होडीत सोडून दिलं. कॅप्टन म्हणून तो किती कडक होता यावर लोक अजून भांडतात. पण होडीतला त्याचा काटा बघा. दोन करवंट्यांची पारडी, आणि वजन म्हणून पिस्तुलाची गोळी. एका गोळीच्या वजनाचं बिस्किट म्हणजे पौंडाचा पंचविसावा भाग, आपली तीन-चार ग्लुकोज बिस्किटं. सोबत पाव पाइंट पाणी. क्वचित एखादा पक्षी हाती लागला की त्याचे तुकडे करायचे, एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने एकेका तुकड्याकडे बोट दाखवून विचारायचं, "हा कुणाला?" पाठमोरा नाव सांगेल त्याचा तो तुकडा. एकाला चोच आणि पाय आले तरी तक्रार करायला जागा नाही. तिमोरपर्यंत 3,600 सागरी मैल होते. वाटेत एका बेटावर एक जण मारला गेला, बाकीचे पोचले. होडीत उपासमारीने एकही गेला नाही.

आपल्या दारातली गोष्ट 1946 सालची. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत निकृष्ट डाळ-पाव आणि अपमानास्पद वागणूक यांना वैतागलेल्या रेटिंग्जनी, म्हणजे अधिकारी नसलेल्या नौसैनिकांनी, 18 फेब्रुवारीला अन्न नाकारलं आणि काम बंद केलं. घोषणा होती, अन्न नाही तर काम नाही. पाहता पाहता 78 जहाजं, 20 तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले. ठाण्यात तेव्हा नौदलाचा 'अकबर' नावाचा तळ होता, तिथेही लोण पोचलं. ते बंड निव्वळ डाळीचं होतं असं म्हणणं चूक ठरेल. ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांच्या पगारातला आणि ताटातला फरक, आझाद हिंद सेनेचे खटले, स्वातंत्र्याची हवा, सगळंच त्यात होतं. पण ठिणगी मेसमध्ये पडली, कारण अपमान रोज तीन वेळा ताटात वाढला जात होता.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. न्हावा-शेव्याला कंटेनर जहाज फार थांबत नाही, सगळा किराणा काही तासांत चढवायचा असतो. वाशीच्या एपीएमसीतून पहाटे गाडी भरली होती. त्यात कांद्याच्या वीस गोण्या, चलनावर प्रत्येकी पन्नास किलो. चीफ कुक पन्नाशीचा, गोव्याकडचा. त्याने खिशातून ताणकाटा काढून गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्याच्या, कठड्याला टांगला आणि मधल्याच तीन गोण्या उचलायला लावल्या. 47. साडेशेहेचाळीस. 48. आमचा माणूस म्हणाला, "साहेब, वाटेत वाळतो कांदा." कुक शांतपणे म्हणाला, "वाळू दे. वाळलेलाच मोज." मग विसाच्या वीस गोण्या काट्यावर गेल्या, चलनावर खाडाखोड झाली, त्यावर जहाजाचा शिक्का पडला. ऑफिसात मला बोलणी बसली, की खाडाखोडीचं चलन घेतलंस कशाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कुकचं मात्र बरोबर होतं. तो कांदा त्याला तीन आठवडे पुरवायचा होता.

"मोजून देतात म्हणजे अपमानच की" हा लिफ्टमधला आक्षेप म्हणून मला पटत नाही. समोर मोजून मिळणं हे खलाशाचं संरक्षण आहे. बंद कोठीत, न मोजता, "आहे त्यात भागवा" असं सुरू झालं की घाबरावं.

आज कायदा काय म्हणतो

व्यापारी जहाजांसाठी 2006 चा सागरी श्रम करार आहे. शिपवाले त्याला एमएलसी म्हणतात. तो 2013 मध्ये लागू झाला आणि भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार जहाजावरचं जेवण आणि पिण्याचं पाणी फुकट. पगारातून 'खाण्याचे' म्हणून पैसे कापता येत नाहीत. अन्न पुरेसं, पोषक हवं आणि खलाशांच्या धर्माचा व रीतीभातींचा विचार करून दिलेलं हवं. म्हणजे वाण्यांचे वार पाळणाऱ्यालाही उपाशी ठेवता येत नाही. दहा किंवा अधिक माणसांच्या जहाजावर शिकलेला, प्रमाणपत्र असलेला कुक लागतो. कोठी, पाणी आणि गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, यांची वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवावी लागते. डिसेंबर 2024 पासून या कलमांची भाषा आणखी कडक झाली आहे.

जहाज मालकाने वाऱ्यावर सोडलं तर? 2017 पासून अशा वेळेसाठी विमा सक्तीचा आहे. अन्न, पाणी, आवश्यक इंधन, घरी परतायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यात येतो. विमा कंपनीचा पत्ता असलेलं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असायला हवं. साइन ऑन झाल्यावर, म्हणजे जहाजावर रुजू झाल्यावर, पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. अडकलेल्या जहाजावर डिझेल संपलं की मोबाइलही चार्ज होत नाही.